टूलबारमधलं टायटल मधोमध बसवताना: नव्या ॲप डेव्हलपरांसाठी

डिझाइनच्या फाइलमध्ये टायटल अगदी मधोमध असतं. तुम्ही टूलबारमध्ये (ॲपच्या वरच्या पट्टीत) टेक्स्टव्ह्यू टाकता, ग्रॅव्हिटी सेंटर करता, ॲप फोनवर चालवता आणि टायटल उजवीकडे गेलेलं दिसतं. पुढच्या स्क्रीनवर मेन्यूचे दोन आयकॉन आहेत, तिथे तेच टायटल डावीकडे सरकतं. मग नेटवर कुणीतरी सुचवलेलं ‘उजवीकडून ५६ डीपी मार्जिन द्या’ हे औषध लावायचं (डीपी म्हणजे स्क्रीनच्या पिक्सेल-घनतेवर न अवलंबणारं माप). त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि नंतर टेस्टिंगवाले टॅबलेटचा स्क्रीनशॉट पाठवतात.

हे सगळं टाळता येतं. खाली मुख्यतः अँड्रॉइडबद्दल लिहिलं आहे, कारण खरी डोकेफोड तिथेच होते. कंपोज, फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह आणि आयफोन शेवटी थोडक्यात घेतले आहेत. कोडमधली नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. अँड्रॉइड स्टुडिओत पहिली तीन-चार अक्षरं टाइप केलीत की पूर्ण नाव यादीत येतंच.

हाताशी काय हवं

- अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला लेआउट इन्स्पेक्टर
- प्रोजेक्टमध्ये मटेरियल कंपोनंट्स लायब्ररी, १.४.० किंवा त्यापुढची
- एक खरा फोन, आणि टॅबलेटच्या आकाराचा एक एम्युलेटर
- फोनवर डेव्हलपर पर्याय सुरू केलेले (सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की ते सुरू होतात)
- ॲपमधल्या सगळ्या स्क्रीनच्या टायटलांची यादी, ॲप जितक्या भाषांत आहे तितक्या भाषांत

शेवटची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. ती का लागते ते पाचव्या पायरीत येईल.

१. आधी ठरवा, मध्य कशाचा?

टूलबारमध्ये दोन मध्य असतात. एक अख्ख्या पट्टीचा. दुसरा, बॅकचा बाण आणि मेन्यूचे आयकॉन बसल्यावर जी जागा उरते तिचा. डिझायनरला पहिला हवा असतो आणि आपण नकळत दुसरा देतो. या विषयातल्या जवळजवळ सगळ्या तक्रारी इथूनच निघतात.

हिशेब करून बघू. फोनची रुंदी ३६० डीपी धरा, म्हणजे पट्टीचा मध्य १८० वर. ॲपकॉम्पॅटच्या (जुन्या फोनवरही चालणाऱ्या लायब्ररीच्या) टूलबारमध्ये बॅकचा बाण असला की मजकूर डावीकडून ७२ डीपीवर सुरू होतो. मेन्यू नसेल तर उरलेली जागा ७२ ते ३६०, तिचा मध्य २१६. म्हणजे टायटल ३६ डीपी उजवीकडे गेलं. आता उजवीकडे ४८ डीपीचे दोन आयकॉन आले, तर उरलेली जागा ७२ ते २६४ आणि मध्य १६८. तेच टायटल आता १२ डीपी डावीकडे.

सूत्र सोपं आहे: डावीकडची अडलेली जागा वजा उजवीकडची, भागिले दोन. उत्तर शून्य आलं तर दोन्ही मध्य एकच. म्हणून बॅकचा बाण आणि मेन्यू दोन्ही नसलेल्या होम स्क्रीनवर सगळं जवळजवळ बरोबर वाटतं आणि पुढच्या स्क्रीनवर गेल्यावर बिघडतं. फक्त होम स्क्रीन बघून काम झालं म्हणू नका.

दरवेळी पट्टीचाच मध्य हवा असतो असंही नाही. टूलबारमध्ये शोधाची चौकट असेल तर तिने उरलेली जागा भरून टाकणंच योग्य. उजवीकडे तीन-चार आयकॉन असतील तर माझ्या मते टायटल मधोमध आणायचा हट्टच सोडावा. ते डावीकडे ठेवावं, अँड्रॉइडवर तीच जुनी रीत आहे. डिझायनरशी हे बोलणं कोड लिहिण्याआधी झालेलं बरं.

२. कुठला टूलबार हातात आहे ते बघा

टूलबार हा व्ह्यू २०१४ मध्ये लॉलिपॉपबरोबर आला. जुन्या फोनवरही चालावा म्हणून ॲपकॉम्पॅटचा वेगळा टूलबार आहे, आणि त्याच्यावर बेतलेला मटेरियलटूलबार मटेरियल कंपोनंट्समध्ये मिळतो. नवीन काम असेल तर सरळ मटेरियलटूलबार घ्या. जुन्या प्रोजेक्टमध्ये एक्सएमएल उघडून टॅगचं पूर्ण नाव वाचा, कारण पुढची पायरी फक्त मटेरियलटूलबारवर चालते.

थीम मात्र ‘नोॲक्शनबार’ प्रकारची हवी. ती नसताना सेटसपोर्टॲक्शनबार हे फंक्शन बोलावलंत तर या ॲक्टिव्हिटीला विंडोनेच आधी ॲक्शन बार दिलेला आहे, अशा अर्थाची तक्रार करून ॲप बंद पडतं. लॉगमध्ये पहिलीच ओळ ती असते, वाचली की कळतं.

३. फक्त टायटल असेल तर एक ओळ पुरते

मटेरियलटूलबारच्या टॅगमध्ये टायटलसेंटर्ड हे ॲट्रिब्यूट ट्रू करा. खाली उपशीर्षक असेल तर सबटायटलसेंटर्डसुद्धा. ही दोन्ही ‘ॲप’ नेमस्पेसमधली आहेत, ‘अँड्रॉइड’ नेमस्पेसमध्ये शोधाल तर सापडणार नाहीत.

हा मार्ग मला सगळ्यात आवडतो, कारण यात मध्य पट्टीचा धरला जातो आणि लांब टायटल आलं तरी तो सुटत नाही. वरच्याच उदाहरणात बॅकच्या बटणाची कड ५६ वर आणि मेन्यूची कड २६४ वर आहे. मध्यापासून डावीकडे १२४ डीपी मोकळे, उजवीकडे ८४. मटेरियलटूलबार कमी असलेली बाजू पकडून दोन्हीकडे तेवढीच जागा देतो, म्हणजे टायटलला एकूण १६८ डीपी. त्याहून मोठं असेल तर शेवटी तीन टिंबं येतात, पण टायटल मधोमधच राहतं. टायटलला किती जागा मिळणार हे असं आधीच काढता येतं, आणि तो आकडा मजकूर लिहिणाऱ्याला देता येतो.

ॲक्टिव्हिटीचं टायटल बदलणारा तुमचा आधीचा कोडही जसाच्या तसा चालतो. वेगळा टेक्स्टव्ह्यू सांभाळावा लागत नाही.

४. लोगो किंवा स्वतःचा व्ह्यू मध्यात ठेवायचा असेल तर

टूलबारला लोगो नावाचं ॲट्रिब्यूट आहे. त्याने लोगो मध्यात जाईल असं वाटतं, पण तो सुरुवातीच्या बाजूला बसतो. मध्यात हवा असेल तर टूलबारच्या आत स्वतः इमेजव्ह्यू ठेवावा लागतो. टायटलला वेगळी रचना हवी असेल, उदाहरणार्थ नावाशेजारी छोटा हिरवा ठिपका, तेव्हाही तसंच.

अशा व्ह्यूला दोनच गोष्टी लागतात: रुंदी रॅप कंटेंट (आतल्या मजकुराएवढीच), आणि लेआउट ग्रॅव्हिटी सेंटर.

ग्रॅव्हिटी आणि लेआउट ग्रॅव्हिटी यांत घोटाळा करू नका. ग्रॅव्हिटी सांगते की व्ह्यूच्या आतला मजकूर कुठे असावा. लेआउट ग्रॅव्हिटी सांगते की तो व्ह्यू त्याच्या पालकाच्या आत कुठे असावा. आणि इथला सगळ्यात मोठा सापळा हा, की रुंदी मॅच पेरेंट ठेवून ग्रॅव्हिटी सेंटर केली जाते. मॅच पेरेंट म्हटल्यावर व्ह्यू उरलेली सगळी जागा व्यापतो आणि मजकूर त्या उरलेल्या जागेच्या मध्यात जातो. झालं, पहिल्या पायरीतले ३६ डीपी परत आले.

रॅप कंटेंट दिलंत की टूलबार स्वतः तो व्ह्यू अख्ख्या पट्टीच्या मध्यात ठेवायचा प्रयत्न करतो. डावी-उजवीकडच्या बटणांना धडक बसायला लागली तरच बाजूला सरकवतो. टायटलसेंटर्डपेक्षा वागणूक इथेच वेगळी आहे: तिथे लांब टायटल कापलं जातं, इथे ते आधी सरकतं.

काही जण टूलबारच्या आत कन्स्ट्रेंटलेआउट टाकून त्यात मजकूर दोन्ही कडांना बांधतात. कन्स्ट्रेंटलेआउटची रुंदी मॅच पेरेंट असेल तर त्याचा स्वतःचा मध्यच चुकीच्या जागी असतो, मग आत कितीही दोऱ्या बांधा, फरक पडत नाही. एकापेक्षा जास्त व्ह्यू मध्यात हवे असतील तर रॅप कंटेंट रुंदीचा लिनिअरलेआउट घ्या आणि लेआउट ग्रॅव्हिटी त्याला द्या, आतल्यांना नको.

स्वतःचा टेक्स्टव्ह्यू ठेवलात की त्याच्या मागे आणखी कामं येतात:

- दोन टायटल दिसणं. सेटसपोर्टॲक्शनबार वापरत असाल तर टूलबार मॅनिफेस्टमधलं लेबल स्वतःहून दाखवतो. डिस्प्लेशोटायटलएनेबल्ड फॉल्स करा.
- टायटल न बदलणं. नेव्हिगेशन कंपोनंट टूलबारला जोडला असेल तर स्क्रीन बदलल्यावर तो टूलबारचं टायटल बदलतो. तुमच्या टेक्स्टव्ह्यूची त्याला खबरही नसते. डेस्टिनेशन बदलल्याचा लिसनर लावून मजकूर तुम्हीच टाकायचा.
- टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय). ॲक्टिव्हिटी उघडली की टॉकबॅक तिचं टायटल वाचतो. दिसणारं टायटल लपवलं म्हणून ॲक्टिव्हिटीचं टायटल रिकामं ठेवू नका. ज्याला स्क्रीन दिसत नाही त्याला कळायला हवं की आपण कुठे आहोत.

आता मार्जिनच्या जुगाडाबद्दल. उजवीकडे ५६ किंवा ७२ डीपी मार्जिन देऊन तराजू सारखा करायचा हा उपाय अजूनही सर्रास सुचवला जातो. पण मेन्यूचा एखादा आयकॉन आला-गेला की तो कोसळतो. टॅबलेटवर बाणासकटची सुरुवातीची जागा ७२ ची ८० होते, तेव्हाही कोसळतो. मेन्यू कडेला चिकटतोय म्हणून खुद्द टूलबारला एका बाजूने पॅडिंग देणं त्याचंच भावंड, कारण तुम्ही आत ठेवलेल्या व्ह्यूसाठी मध्य पॅडिंग वगळून मोजला जातो: उजवीकडे १६ डीपी पॅडिंग दिलंत की तो ८ डीपी डावीकडे. आणि कंटेंट इन्सेट स्टार्ट (पट्टीच्या सुरुवातीला सोडलेली जागा) शून्य करून टायटल मध्यात येत नाही. त्याने ते डाव्या कडेला चिकटतं एवढंच.

५. लांब टायटल, आणि मराठी टायटल

इंग्रजीत ‘सेटिंग्ज’, ‘बिल’, ‘हेल्प’ एवढ्यावर भागतं. मराठीत त्याच स्क्रीनला कुणी ‘मासिक देखभाल शुल्क’ किंवा ‘तक्रार निवारण कक्ष’ असं नाव देतं आणि १६८ डीपीत ते मावत नाही. म्हणून सुरुवातीला टायटलांची यादी मागितली. यादीतलं सगळ्यात लांब नाव घ्या, ते सगळ्यात जास्त आयकॉन असलेल्या स्क्रीनवर टाकून बघा. तिथे बसलं तर बाकीची काळजी नको. बसत नसेल तर फॉन्ट बारीक करण्याआधी नाव छोटं करून बघा: ‘देखभाल शुल्क’ वाचून कुणाचाही गोंधळ होत नाही. भाषांतर करणाऱ्यांना टायटलची जागा किती आहे हे कुणी सांगतच नाही, म्हणून बिचारे पूर्ण वाक्य लिहून मोकळे होतात.

स्वतःच्या टेक्स्टव्ह्यूला मॅक्सलाइन्स १ आणि एलिप्साइझ एंड द्यायला विसरू नका. दिलं नाही तर दुसरी ओळ तयार होते आणि ५६ डीपीच्या पट्टीत दोन्ही ओळी अर्ध्या-अर्ध्या दिसतात.

देवनागरीसाठी आणखी एक. उभं सेंटरिंग ‘अचूक’ करण्याच्या नादात इन्क्लूडफॉन्टपॅडिंग फॉल्स करायची पद्धत आहे. इंग्रजी अक्षरांना ते चालून जातं. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ती वरची-खालची मोकळी जागा याच चिन्हांच्या कामाची असते. टेक्स्टव्ह्यूची उंचीही आकडा देऊन बांधली असेल तर ‘वर्गणी’चा रफार किंवा ‘कृती’चा ऋकार कापला जाऊ शकतो. मराठी ॲपमध्ये हे ॲट्रिब्यूट आहे तसंच राहू द्या आणि उंची रॅप कंटेंट ठेवा.

सिस्टिमचा फॉन्ट मोठा करूनही बघा. अँड्रॉइड १४ पासून मजकूर दुप्पट आकारापर्यंत वाढवता येतो, आणि घरातली मोठी माणसं तो वाढवतातच.

६. उभा मध्य कुठे बिघडतो

आडवा मध्य साधला की लोक थांबतात, पण उभ्यातही दोन खड्डे आहेत.

पहिला उंचीचा. टूलबारची उंची ५६ डीपी असं लिहून ठेवू नका. ॲक्शनबारसाइझ हे थीममधलं माप वापरा: ॲपकॉम्पॅटच्या थीममध्ये उभ्या फोनवर ते ५६, आडव्या फोनवर ४८ आणि टॅबलेटवर ६४ डीपी होतं. उगाच पट्टी मोठी दिसावी म्हणून उंची ८० केलीत तर टायटल उभ्या मध्यात जातं, पण बॅकचा बाण आणि मेन्यू वरच्याच भागात राहतात, कारण टूलबार बटणांना मुळात वरच्या बाजूला लावतो. दोन्ही एका रेषेत हवे असतील तर उंचीशी खेळू नका.

दुसरा खड्डा नवा आहे. ॲपचं टार्गेट एसडीके ३५ केलं की अँड्रॉइड १५ च्या फोनवर ॲप आपोआप कडेपासून कडेपर्यंत पसरतं आणि टूलबार स्टेटस बारच्या मागे जातो. घड्याळ आणि टायटल एकमेकांवर येतात. मग घाईघाईत टूलबारला वरून पॅडिंग दिलं जातं. उंची ठरावीक असल्याने आतल्या मजकुराला जागाच उरत नाही आणि तो चेपून खाली कापला जातो. पॅडिंग टूलबारला देऊ नका. टूलबार ॲपबारलेआउटमध्ये ठेवा, फिट्ससिस्टिमविंडोज ॲपबारलेआउटवर लावा. म्हणजे स्टेटस बारची जागा बाहेरच्या डब्यात जाते आणि आतला टूलबार आपल्या पूर्ण उंचीत राहतो.

७. स्क्रोलबरोबर आकसणारा टूलबार

कोलॅप्सिंगटूलबारलेआउट वापरत असाल तर तिसऱ्या पायरीतलं टायटलसेंटर्ड काहीच करणार नाही. तिथे टायटल टूलबार काढत नाही, बाहेरचा लेआउट स्वतः रंगवतो. त्याच्यासाठी कोलॅप्स्डटायटलग्रॅव्हिटी (आकसल्यावर) आणि एक्स्पांडेडटायटलग्रॅव्हिटी (उघडल्यावर) अशी दोन वेगळी ॲट्रिब्यूट आहेत. आकसलेल्या अवस्थेत बॅकचा बाण असेल तर मध्य नीट मोजून बघा. तिथे अडलं आणि टायटलची लहान-मोठं होण्याची करामत फारशी गरजेची नसेल, तर टायटलएनेबल्ड फॉल्स करा. मग टायटल परत टूलबारच्या ताब्यात येतं आणि आधीच्या पायऱ्या लागू होतात.

८. कंपोज, फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह, आयफोन

कंपोज: मटेरियल ३ मध्ये सेंटरअलाइन्डटॉपॲपबार तयार मिळतो, स्कॅफोल्डच्या टॉपबारमध्ये तोच ठेवा. टायटलच्या टेक्स्टला मॅक्सलाइन्स आणि ओव्हरफ्लो स्वतः द्यावे लागतात. लांब टायटल इथेही सरकतं. स्वतःची पट्टी बनवणारे रो घेतात आणि टायटलच्या दोन्ही बाजूंना वेट १ चे स्पेसर टाकतात. दोन्ही स्पेसर सारखे होतात खरे, पण उरलेल्या जागेतले; बाण आणि मेन्यूची रुंदी वेगळी असली की मध्य गेला. बॉक्स घेऊन टायटलला सेंटर अलाइन करा.

फ्लटर: ॲपबारला सेंटरटायटल ट्रू द्या, किंवा सगळ्या ॲपसाठी एकदाच ॲपबारथीममध्ये. हे दिलं नाही तर अँड्रॉइडवर टायटल डावीकडे असतं. आयफोनवर ॲक्शन दोनपेक्षा कमी असतील तरच मध्यात. त्यामुळे दुसरी ॲक्शन टाकल्यावर आयफोनवरचं टायटल अचानक डावीकडे उडी मारतं आणि कुणाला कारण सापडत नाही. टायटलमध्ये लोगो आणि नाव अशी रो असेल तर मेनॲक्सिससाइझ मिन करा. नाहीतर रो मिळेल ती सगळी रुंदी घेते आणि पुन्हा मॅच पेरेंटचाच प्रकार होतो.

रिॲक्ट नेटिव्ह: रिॲक्ट नेव्हिगेशनमध्ये हेडरटायटलअलाइन सेंटर करा. आयफोनवर ते मुळातच सेंटर असतं, अँड्रॉइडवर लेफ्ट.

आयफोन: नेव्हिगेशन बारमधलं टायटल सहसा मधोमधच असतं. स्विफ्टयूआयमध्ये स्वतःचा व्ह्यू ठेवायचा तर टूलबारआयटमची प्लेसमेंट प्रिन्सिपल द्या, आयओएस १४ पासून चालतं. खालच्या यूआयटूलबारमध्ये मात्र काळजी घ्या. मधल्या बटणाच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्सिबल स्पेस टाकली की ते मध्यात येईल असं वाटतं, पण डावीकडे ‘रद्द करा’ आणि उजवीकडे छोटा आयकॉन असेल तर मधलं बटण उजवीकडे झुकतं. दोन्ही स्पेस सारख्या, बाजूची बटणं असमान. पहिल्या पायरीतलं सूत्र इथेही लागू.

९. तपासणी कशी करावी

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. पाच-सहा डीपीचा फरक रोज बघून दिसेनासा होतो आणि ग्राहकाला पहिल्याच दिवशी दिसतो. डेव्हलपर पर्यायांत लेआउटच्या सीमा दाखवणारा पर्याय सुरू करा. प्रत्येक व्ह्यूभोवती चौकट येते आणि टायटलची चौकट मजकुराएवढीच आहे की सगळी जागा खाऊन बसली आहे हे लगेच कळतं. अचूक आकडे हवे असतील तर लेआउट इन्स्पेक्टरमध्ये टायटलची डावी कड आणि रुंदी बघा: डावी कड अधिक अर्धी रुंदी हे पट्टीच्या निम्म्याइतकं यायला हवं. तिथे आकडे पिक्सेलमध्ये असतील तर दोन्ही बाजू पिक्सेलमध्येच मोजा.

मग एकच स्क्रीन या अवस्थांत उघडून बघा: बाण आहे पण मेन्यू नाही, बाण नाही पण मेन्यू आहे, दोन्ही आहेत, फोन आडवा, टॅबलेट, सगळ्यात मोठा फॉन्ट, यादीतलं सगळ्यात लांब टायटल. भाषांतरं अजून आली नसतील तर बिल्डमध्ये स्यूडोलोकेल (चाचणीसाठीची खोटी भाषा) सुरू करा, त्याने इंग्रजी मजकूर मुद्दाम लांबवून दाखवला जातो. उर्दू किंवा अरबीत ॲप द्यायचं असेल तर उजवीकडून डावीकडे जाणारा स्यूडोलोकेलही आहे. त्यात बाण उजवीकडे जातो, आणि लेफ्ट-राइट लिहिलेली मार्जिनं लगेच उघडी पडतात. ती सगळी स्टार्ट-एंड करून टाका.

कॅमेऱ्यासाठी खाच असलेला फोन आडवा धरलात तर एका बाजूला जास्त जागा सोडावी लागते. तेव्हा स्क्रीनचा मध्य आणि खालच्या मजकुराचा मध्य वेगळे होतात. टायटल खालच्या मजकुराच्या मध्याशी जुळवा, म्हणजे खाचेची जागा टूलबार आणि मजकूर दोघांना सामावणाऱ्या बाहेरच्या लेआउटवरच सोडा.